कडेची खुर्ची

चार वाजल्यापासून पाणी बंद.
विलंबित चालू असताना उठायची वेळ येऊ नये म्हणून.
गोळी घोटभर ताकाबरोबर घेतली,
गुडघ्यांना पट्टे बांधले, वरून इरकल.
आत कोण कोणाला धरून आहे, बाहेर कळत नाही.

कांपालला, नदीकाठच्या सभागृहात, ओळ ज, खुर्ची चौदा.
म्हणजे दोन्हीकडून तेरा-तेरा माणसांचे गुडघे.
शेजारी कुमुद वेरेकर. तिच्या कानातलं यंत्र
तानपुरा लागला की शीळ घालतं
आणि पुढच्या रांगेतली माणसं वळून
माझ्याकडे बघतात.

बांदोड्याला आम्ही देवळात खाली बसायचो.
सतरंजी पुरुषांच्या बाजूलाच संपायची,
आमच्या वाट्याला दगड.
अकराशिवाय गवई तोंड उघडायचा नाही.
त्याआधी तबलजी हातोडी घेऊन
अर्धा तास ठोकत बसायचा,
तेही आम्हाला गाणंच वाटायचं.
दीपमाळेखाली कॉफीची किटली,
केसांत ओवळं रात्रभर सुकत,
आणि मांडीवर कोणाचं तरी झोपलेलं मूल,
कोणाचं ते सकाळी कळायचं.
पहाटे भैरवी तशीच अंगावर घेऊन
पहिल्या कदंबनं शाळेत. सातवी ब, त्रैराशिक.
फळ्यावर खडू दादऱ्यात चालायचा.
दमणं ही मोठ्या माणसांची गोष्ट होती.

आजची मुलगी तिशीची. बागेश्री.
खरं सांगते, मी दोष शोधत होते.
घाई सापडेल, सवंगपणा सापडेल,
निदान एखादी तान पाठ केलेली निघेल.
काही निघालं नाही.
मध्यमावर ती अशी थांबली
जसं कोणी दार अर्धंच लोटून
आत निजलेल्याला बघून घेतं.
आणि त्याच क्षणी मी विचार करत होते,
सिलिंडर बंद केला का.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
दात जातात, कान जातात, ठाऊक होतं.
पण सूर दाराशी येऊन उभा
आणि घरात आपणच नाही?

एसी मानेवर. स्पीकर छातीत घुसून बोलत होते.
पुढच्या पोराच्या फोनमध्ये गाणारी
अंगठ्याएवढी दिसत होती
आणि मला तिथंच बघणं सोपं जात होतं.
कुमुदनं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं,
माझ्या कानाशी आली, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली,
"आता मी गाणं बघते."

द्रुत सुरू झालं तशी उठले.
माफ करा, माफ करा, माफ करा.
सगळ्यांचे गुडघे भराभर वळले,
माझेच तेवढे वळेनात.
नेमकं समेवर कोणाच्या तरी पायावर पाऊल पडलं.
"वा!" आला मागून. तो तिला होता.

बाहेर मांडवीवर कॅसिनोंच्या बोटी,
प्रत्येकीचं वेगळं गाणं, कोणीच ऐकत नसलेलं.
मिंगेल पायलट गाडी लावून शेंगदाणे खात होता.
"सोंपलें गो माय?"
म्हटलं, तिचं नाही. माझं.
त्यानं पुढे काही विचारलं नाही.
पदर चाकापासून वर घ्यायला लावला
आणि माळ्यापर्यंत प्रत्येक गतिरोधक
आधी सांगून मग ओलांडला.

साडेअकराला फोन. कुमुद.
"शेवटी काय गायली गं?" मी विचारलं.
"मला काय माहीत? यंत्र पर्समध्ये.
पण लोक रडत होते. मीही रडले थोडी."
मग म्हणाली, पुढच्या महिन्यात सतार आहे.
येणार का?

सिलिंडर बंदच होता. दोनदा पाहिला.
म्हटलं, कडेची खुर्ची मिळते का विचार.
आणि तांब्या तोंडाला लावला,
मध्ये श्वास न घेता,
चार वाजल्यापासूनचं सगळं.